बक्षिसाचा डोंगर

१४ जानेवारी

आज कारखान्यातले शेवटचे लूम, माझे यंत्रमाग, गेले. भंगारवाल्याची माणसं सकाळीच आली आणि दुपारपर्यंत शेड साफ. आयुष्यभर त्या खडखडाटात बसून माझे कान अर्धे गेलेत. उज्मा घरात काही बोलली की मी आधी ‘काय?’ म्हणतो आणि मग ऐकतो. आज शेडमध्ये एवढी शांतता होती की मला माझ्याच चपलांच्या आवाजाचा राग आला. रडायचं नाही असं ठरवून गेलो होतो. रडलो.

ही वही लेकीने, जोहाने दिली. म्हणाली, “अब्बा, भडास इथे काढा, अम्मीवर नको.” मराठीत लिहितोय, कारण माझी शाळा मराठी, आणि उज्माला मराठी वाचायचा कंटाळा आहे. दोन्ही कारणं तितकीच महत्त्वाची.

आता नवा धंदा. भावेश माझा शाळेपासूनचा दोस्त. आगरी, वज्रेश्वरी रस्त्यावरच्या गावचा. त्याच्या घरचा एक डोंगर आहे. काल्हेर, राहनाळला रोज नवी गोदामं उठतायत आणि त्यांच्या भरणीला मुरूम पुरत नाही. डोंगर त्याचा, मशीन आणि पैसा माझा. लूम विकून जे आलं ते सगळं यात घातलंय. हे बुडालं तर मी भिवंडीत कुणाच्या तरी दारात उभा राहणार. परवाना आला आहे, आता मागे फिरणं नाही.

१७ जानेवारी

डोंगर बघून आलो. तसा फार उंच नाही, पण पायथ्याशी उभं राहिलं की मान वर करावी लागते. गावात त्याला ‘बक्षिसाचा डोंगर’ म्हणतात. मी भावेशच्या वडिलांना, हिरामणकाकांना, विचारलं की बक्षीस कसलं.

“आरं, गोऱ्या सायबाचे सरकारनी दवंडी पिटली व्हती,” काका म्हणाले. “भुईतशी काय तरी नवीन काढा. कोलसा म्हना, लोखंड म्हना, बोटीत भरून विलायतेला जाईल असा. काढाल त डोंगर तुमचा, वर सारा माफ. आमचे खापरपंजानी, मोरूबाबानी, ता काम घेतला.”

“मग काय निघालं?”

“काय नाय.”

“तरी डोंगर दिला?”

“सायबाची अट व्हती. माल नाय निंगाला तरी चालंल, पन येवरा लांब भुयार खनलाच पायजे. म्हंजी समजंल का मानूस खरा खनतो, फुकट जमीन लाटत नाय.”

“आणि ते भुयार कुठे आहे?”

काकांनी चहा संपवला, कप उलटा ठेवला आणि बकऱ्यांना पाला घालायचाय म्हणून उठून गेले. बकऱ्या तर त्यांनी मागच्याच वर्षी विकल्या. वय झालं आता त्यांचं.

घरी येताना मला त्या सरकारचं कौतुक वाटत राहिलं. नुसत्या आशेवर माणसांकडून डोंगर पोखरून घेतला! आताचं सरकारही गोदामं बांधा, माल बाहेर पाठवा, सवलत घ्या असंच म्हणतं, आणि मी फावडं घेऊन हजर.

२९ जानेवारी

मुहूर्त झाला. भावेशने नारळ फोडला, मी बिस्मिल्ला म्हटलं आणि दामूने, आमच्या पोकलेनवाल्याने, पहिली बकेट मारली. लाल मुरूम काय सुरेख सुटला! पहिला डंपर भरून राहनाळला गेला तेव्हा मी त्याच्यामागे नाक्यापर्यंत चालत गेलो. उज्माला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “माशाअल्ला, आता घरी येताना अंडी आणा.”

३ फेब्रुवारी

हे नीट लिहायला हवं.

सकाळी थंडी होती. दामूने पायथ्याशी बकेट मारली आणि माती काही आलीच नाही, बकेटच आत गेली. त्याने ती मागे ओढली तसं माणूस शिरेल एवढं भोक पडलं आणि त्यातून वाफ यायला लागली. खोटं नाही लिहीत. आंघोळीच्या हंड्यावरून येते तशी वाफ, डोंगराच्या पोटातून. दामू मशीन चालू ठेवूनच खाली उडी मारून पळाला आणि लांबून हात जोडून उभा राहिला.

मी भोकासमोर हात धरला. ओली, कोमट हवा. वज्रेश्वरीची गरम कुंडं इथून फार लांब नाहीत, त्यामुळे जमिनीखाली गरम पाणी असणार हे डोक्याला समजत होतं, पण हात काही मागे घेववेना. एवढ्या वर्षांची कोंडलेली हवा पहिल्यांदा बाहेर आली, आणि ती माझ्या हाताला लागली.

४ फेब्रुवारी

आत गेलो. भावेशने कमरेला दोर बांधला आणि बाहेरून शिव्या घालत राहिला. प्रत्येक शिवीला मी ‘ओ’ दिली की त्याला कळायचं मी जिवंत आहे.

भुयार उतरतं आहे, वाकून चालावं लागतं. पण भिंती! आयुष्यभर कापडाची वीण बघत आलोय, हाताचं काम मला कळतं. काळ्या दगडावर छिन्नीचे घाव एकाखाली एक असे बसलेत की कुठे एक टाका सुटलेला नाही. मधे मधे पणतीसाठी कोनाडे. एका कोनाड्यात बोट फिरवलं तर बोटाला काजळी लागली. कुणाच्या पणजोबाच्या पणतीची काजळी असेल, ती माझ्या बोटाला! मी ती लगेच पुसली नाही. एका साहेबाने कागदावर अट घातली आणि त्यासाठी माणसांनी नुसत्या छिन्नी-घणाने एवढं केलं. कोळसा नव्हताच इथे, आणि तरी किती सुंदर खणलंय.

शेवटी वाट बंद होते. वरून दरड कोसळलेली, मोठाले धोंडे, आणि त्यांच्या फटींतून गरम पाणी पाझरतं.

एक गंमत. दरडीच्या अलीकडे जमिनीवर एक जागा घासून गुळगुळीत केली आहे, एका माणसापुरती. जेवायला बसायची असावी. पण ती भुयाराच्या रेषेत नाही, तिरकी आहे. सरळ केली असती तर जाणाऱ्यायेणाऱ्याला अडचण झाली नसती. इतक्या नेटक्या हाताच्या माणसाचं माप इथेच कसं चुकलं, कळत नाही.

५ फेब्रुवारी

भावेश म्हणाला, “कुठं बोलू नको. कळलं तर कुठलं तरी खातं येईल, टेप लावून बसेल, आणि आपण बसू बोंबलत. भोक बुजवू आणि वरून सुरुंग लावू. संपला विषय.”

त्याचं बरोबर आहे. मशीनचं भाडं रोज चढतंय. उद्या सुरुंगवाल्याला फोन करतो.

८ फेब्रुवारी

सुरुंगवाल्याला फोन करायचा राहिला. त्याऐवजी पुन्हा आत जाऊन आलो. उद्या नक्की.

११ फेब्रुवारी

भावेशच्या चुलत घरात लग्न होतं. आगऱ्यांच्या लग्नात भटाच्या आधी धवलारीण लागते. ती गाऊन गाऊन देवांना आणि पितरांना मांडवात बोलावते. या गावची धवलारीण म्हणजे हिरामणकाकांची थोरली बहीण, धोंडूबाई. भावेशची आत्या, म्हणून माझीही आत्या.

दुपारी मी मशीनपाशी होतो, तर आत्या आणि चार बाया टोपली घेऊन डोंगरापाशी आल्या. नव्या भोकाकडे त्यांनी पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, पण कुणी काही बोललं नाही. जमिनीवर सात पानं मांडली. सहा पानांवर भात आणि कोंबडीचं कालवण, बाजूला ताडीचा शिडकावा. सातव्या पानावर भात आणि सुकट, आणि ताडीऐवजी गूळपाणी. मग आत्याने सूर लावला. म्हातारीचा आवाज असा की माझ्या अर्ध्या कानांनाही पुरा पोचला.

*ये रे डोंगरातल्या, मांडवाच्या दारी,*
*तुजी हाक ऐकली, आमची हाक घे रे.*

गाणं संपल्यावर मी विचारलं, “आत्या, हे कोण?”

“डोंगरातले देव. गावात लगीन असला का पयला मान त्यांचा.”

“मग या सातव्याला ताडी का नाही?”

“तो पीत नाय.”

“कोंबडीपण खात नाही?”

“त्याला नाय चालं. सुकट चालते.”

मी म्हटलं, “दारू पीत नाही, कुरकुर न करता सुकट खातो. असा देव आमच्या उज्माला जावई म्हणून एकदम पसंत पडेल.” बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. आत्या हसली नाही. म्हणाली, “आमची आय असाच करायची. तिची आय पन. का करायची ता मना ठावं नाय. पन त्याच्या पानावर ताडीचा थेंब परला, त आय सगला पान बदलायची.”

मग ती सातव्या पानापाशी बसून राहिली. पाहुणा जेवेपर्यंत यजमानीण बसते तशी.

१२ फेब्रुवारी

डिझेल संपलं या सबबीवर मशीन बंद ठेवलं. डिझेल संपलेलं नाही. भावेश चिडला आहे. उद्यापासून नक्की.

६ मार्च

इतके दिवस दुसऱ्या बाजूने वरवरचा मुरूम काढून वेळ मारून नेली. पण तो कडक लागलाय, आता भुयाराच्या बाजूलाच शिरावं लागेल. भावेशने स्वतःच सुरुंगवाला ठरवला, रविवारचा. आधी सिमेंट ओतून भोक बुजवणार. मी हो म्हटलं.

आज इफ्तारला बसलो आणि उज्माला सगळं सांगितलं, भुयार, काजळी, ती तिरकी जागा. ती फळं कापत होती. कापता कापता थांबली.

“तोंड कुठं होतं?”

“कुणाचं?”

“त्या जागेचं. कुठल्या दिशेला?”

मी आठवून म्हटलं, “मावळतीला असेल. जराशी उत्तरेला कललेली.”

उज्माने सुरी खाली ठेवली. “जोहाचे अब्बा, तुम्ही जुम्म्याच्या नमाजालासुद्धा शेवटच्या रांगेत चप्पल सांभाळत उभे राहता, तुम्हाला कुठून कळणार? जेवायला बसायची जागा नाही ती. मुसल्ल्याची जागा आहे, नमाज पढायची.”

माझ्या हातातला खजूर तसाच राहिला. मग मी तिला त्या सात पानांबद्दल सांगितलं. ताडी नाही, कोंबडी नाही, सुकट चालते. उज्मा एवढंच म्हणाली, “हलाल नसेल तर तो कोंबडी कशी खाईल?” आणि तिने ओढणीने डोळे टिपले.

आणि मी त्याच्यावर जावयाचा विनोद केला होता!

७ मार्च

पहाटे सेहरी झाल्यावर तडक डोंगर गाठला. मोबाईलमधलं होकायंत्र त्या जागेवर ठेवलं. काटा डुलला आणि स्थिर झाला. किब्ला, नमाजाची दिशा. अगदी बरोबर.

ज्या माणसाचं माप चुकलं असं मी लिहिलं होतं, त्याचं माप इतकं बरोबर आहे. आत सूर्य नाही, अजान ऐकू येत नाही, भुयार वळत वळत खाली गेलेलं. दिवसभर घण मारून, काजळी खाऊन, या माणसाच्या डोक्यात दिशा शाबूत होती. म्हणजे ती सात पानं देवांची नाहीत, इथे खणणाऱ्या सात माणसांची आहेत. आणि त्या बाकीच्या सहांनी येताजाता त्याच्या जागेला वळसा घालून वाट सोडली असणार, कारण तिथे भुयार मुद्दाम एका अंगाने रुंद केलंय. आज नीट पाहिलं तेव्हा दिसलं. रुंद केलेल्या भिंतीवरचे घाव एका हाताचे नाहीत.

तिथे मी नमाज पढली. असं दडपून गेल्यासारखं मला कुठल्याच मशिदीत झालेलं नाही. सजद्यात कपाळ टेकलं तर दगड कोमट लागला, आणि मला उठावंसं वाटेना.

९ मार्च

आज रविवार. सुरुंगवाला निघालाय असा भावेशचा फोन आला आणि मी रिक्षा करून त्याच्या घरी गेलो. अंगणात सिमेंटच्या गोण्या येऊन पडल्या होत्या. हिरामणकाका ओट्यावर बसले होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, “काका, त्या दरडीमागे माणसं आहेत ना?”

भावेश म्हणाला, “काय बोलतोस? रोजा लागलाय का?”

काका त्याला म्हणाले, “गप बस.” मग बोलले ते माझ्याकडे न बघता.

“सात जन व्हते. भुयार सायबाचे अटीपरमान पुरा झाला व्हता, सायबानी माप पन घेतला व्हता. सनद तेवरी हातात यवाची व्हती. तवरच्यान गरम पानी फुटला आनी दरड परली. सायबाला समजला असता त चौकशी लागली असती. डोंगर गेला असता.” काकांनी तोंडावरून हात फिरवला. “आतशी घणाचा आवाज येत व्हता. जिते व्हते. मोरूबाबानी मातीनी तोंड बुजवला. सायब आला, त्याला बोलला, गुरा भुयारान परतील म्हनून बंद केला. सायब खूश झाला. बक्षीस दिला.”

“आणि ते सात?” भावेशने विचारलं.

“घरातल्या बाया डोंगराला कान लावून बसल्या. भुयार मोकला करायची त्यांची टाप नव्हती. आवाज थांबला तवा त्यांनी हाक मारायला सुरवात केली. ती अजून चालू हाय. आमी बापयांनी पोरींना देव म्हनून सांगतला. मानसा हायेत, असा कनी सांगतला नाय. बाप मराच्या येली पोराला सांगतो. मी आज सांगतो.”

भावेश सिमेंटच्या गोण्यांकडे बघत राहिला. मग त्याने फोन काढला. “येऊ नका,” म्हणाला. समोरचा काहीतरी विचारत होता. “नाही, उद्या पण नाही.”

मला त्याला मिठी मारायची होती, पण आम्ही दोघं नुसते ओट्याच्या दोन टोकांना बसून राहिलो. घरात आत्या होती. तिने दारामागून सगळं ऐकलं असणार, कारण पाण्याचा हंडा घेऊन ती बाहेर आली आणि तशीच परत आत गेली.

१० मार्च

दामूला मशीन घेऊन जायला सांगितलं. परवाना परत करणार. म्हणजे मी बुडालो, हे स्पष्ट लिहून ठेवतो. उज्मा रागावेल म्हणून दिवसभर टाळलं आणि शेवटी इफ्तारनंतर सांगितलं. ती म्हणाली, “काल्हेरला गोदामात सुपरवायझर हवेत. तुमचे कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. ड्युटी जमेल.” वर म्हणाली, “डोंगर फोडून आणलेलं मी जोहाच्या लग्नात वाढलं नसतं.”

मला राग यायला हवा, झोप उडायला हवी. त्याऐवजी मी सारखा त्या बायांचा विचार करतोय. कुणी कारण सांगितलं नाही, तरी मायलेकींनी एका परक्या माणसाचं पथ्य सांभाळलं. त्याचं नाव विसरलं गेलं, जात विसरली गेली, माणूस होता हेसुद्धा विसरलं गेलं, पण त्याच्या पानावर ताडीचा थेंब पडू दिला नाही. मला एवढं मोठं काही माहीतच नव्हतं जगात.

१९ एप्रिल

मृणालीचं लग्न, भावेशच्या लेकीचं. काल्हेरच्या गोदामातून सुट्टी काढून उज्मा आणि जोहाला घेऊन गेलो. या वेळी आत्या गायला उभी राहणार नाही अशी माझी समजूत होती. मार्चपासून ती कुणाशी धड बोललीच नव्हती.

दुपारी बाया टोपली घेऊन निघाल्या. या वेळी मागोमाग पुरुषही आले. हिरामणकाका काठी टेकत आले, भावेश डोक्यावरची टोपी काढून आला. असं आधी कधी झालं नव्हतं म्हणतात. भुयाराचं तोंड उघडंच आहे, गुरांसाठी फक्त काटक्या लावल्या आहेत. ऊन कडक होतं, त्यामुळे वाफ दिसत नव्हती, पण जवळ गेल्यावर अंगाला लागत होती.

आत्याने सात पानं वाढली. सहा जणांना तिने गाऊन बोलावलं. आवाज फाटत होता, पण ती थांबली नाही. सातव्या पानापाशी आली. मग मागे वळून मला म्हणाली, “तू बोलव.”

“मी?”

“इतकी वर्सा आमी त्याला देव म्हनून बोलावला. आमच्या गान्यात. त्याला काय समजत असंल? तुमच्यात कसा बोलावतात तसा बोलव.”

मी पुढे झालो. त्याचं नाव मला माहीत नाही. कुणाचा मुलगा, कुठल्या मोहल्ल्यातला, काही माहीत नाही. उज्माने मागून माझ्या पाठीला हात लावला. मी भुयाराच्या तोंडाशी वाकलो आणि जेवढा होता तेवढा आवाज काढून म्हणालो, “अस्सलामु अलैकुम.”

आवाज आत गेला. उतारावरून खाली जात राहिला, बराच वेळ. आमच्यात सलामाला जवाब द्यावाच लागतो, ही गोष्ट मला सलाम करून झाल्यावर आठवली. मी माझे फुटके कान डोंगराकडे लावून उभा राहिलो. सगळेच उभे होते. नवरीसुद्धा हळदीच्या अंगाने येऊन उभी राहिली होती.

आत्याने हळूच विचारलं, “काय बोलला?”

“अजून काही नाही.”

“दमानी घे,” ती म्हणाली. “लांबशी येतो तो.”

मग ती सातव्या पानापाशी खाली बसली, पदराने पानावरच्या माश्या वारत. आम्हीही बसलो.